केळीच्या रसातले पडदे

आमच्या स्वयंपाकघरातल्या पडद्याला गॅसची झळ लागून एक कोपरा जळाला, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "नवे घेऊ या." विषय तिथेच मिटायचा. पण मी पडलो सुती कापडाच्या गिरणीतला कारकून. (म्हणजे कापडातलं मला काही कळत नाही, कळणाऱ्यांच्या शेजारी बसतो.) तिथल्या केमिस्टबाईंनी डबा खाताना सांगितलं होतं, की सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात, मग केळीच्या खोडाच्या रसात भिजवून वाळवलं, तर ते सहजी पेट घेत नाही.

"नवे पडदे मी असे करून देतो, की आग हात जोडून परत जाईल," मी बायकोला म्हणालो.

"नुसते टांगून दिलेत तरी चालेल," ती म्हणाली.

रविवारी नवे पडदे माझ्या हवाली करून ती माहेरी गेली आणि मी शेजाऱ्यांनी तोडून टाकलेलं केळीचं खोड घरी आणून ठेचलं. केळीचा डाग जात नाही, हे मलाही ठाऊक होतं. पडदे पांढरे आहेत, हेही ठाऊक होतं. दोन्हींचा एकत्र विचार तेवढा राहून गेला. वाळल्यावर पडद्यांना जुन्या चहागाळणीचा रंग चढला आणि ते पुठ्ठ्यासारखे ताठ उभे राहिले.

संध्याकाळी बायको परतली ती भावाला घेऊन. हा माझा मेहुणा अग्निशमन दलात आहे.

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"सुरक्षितता."

"धुतल्यावर रंग जाईल?"

"नाही. पण आगही लागणार नाही."

तिचा चेहरा उतरला. इतक्या हौसेने आणलेले पडदे होते. आता सिद्ध करून दाखवणं भागच होतं. मी काडी ओढून पडद्याला लावली. काठ काळा पडला, थोडा धूर निघाला आणि ज्योत आपोआप विझली. मेहुण्याने वाकून पाहिलं.

"भावजी, छान जमलंय की."

नोकरीला लागल्यापासून मला कुणी छान म्हटलं नव्हतं. मी हुरळलो. दुसरी काडी ओढली आणि हातवारे करत तुरटीचं महत्त्व सांगू लागलो.

"भावजी, बाही," मेहुणा म्हणाला.

"बाहीलाही करता येतं. कुठल्याही सुती कापडाला..."

पुढचं वाक्य पाण्यात गेलं. मेहुण्याने अख्खी बादली माझ्यावर ओतली होती. बायकोने माझी बाही वर केली. मनगटावरचे केस जळले होते, बाकी धडधाकट होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"ताई, रस उरला असेल तर भावजींनाच बुडवून काढ."

तिने क्षणभर खरोखर विचार केला.

"उपयोग नाही," ती म्हणाली. "वाळले की पुन्हा बोलायला लागतील."