रेडकरकाकांची दुरुस्ती

रेडकरकाकांना लिफ्टमध्ये एकटं सोडू नये. आमच्या करी रोडच्या बिल्डिंगमध्ये सोसायटीच्या नोटिसा लिफ्टमध्ये लागतात आणि काकांच्या खिशात कायम लाल पेन असतं. एकदा 'उद्या पाणी बंद' या नोटिशीखाली सेक्रेटरीने इंग्रजीत 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' लिहिलं. काका लिफ्ट अडवून उभे. "अरे, पाणी जायची आपण आशेने वाट बघतोय काय? इंग्रजी म्हणजे काय फोडणी आहे, कशावरही घालायला?"

काकांचा जन्म एका शिपिंग कंपनीत इंग्रजी पत्रं लिहिण्यात गेला. आता रिटायर झालेत, पण हात शिवशिवतात. पॅसेजमध्ये येरझारा घालता घालता कुणाच्याही मोबाइलमध्ये डोकावतात. आम्ही वैतागतो आणि अडलं की त्यांचंच दार वाजवतो. आमच्या ऑफिसातल्या साहेबांच्या निरोप समारंभाच्या बॅनरवर मी 'गुड रिडन्स' लिहिणार होतो. कानाला बरं वाटत होतं. काका ओरडले, "मेल्या, त्याचा अर्थ 'सुटलो एकदाचे'! नोकरी नको झाली काय तुला?" साहेबांबद्दल आमचं मत तेच होतं म्हणा, पण नोकरी वाचली.

हाच हट्ट घरात नडला. काकांचा मुलगा नितीन कॅनडात असतो. काकांच्या वाढदिवसाला त्याने इंग्रजीत लांबलचक मेसेज पाठवला. काकांनी तो दुरुस्त करून त्यालाच परत पाठवला. तेव्हापासून नितीन गप्प. काकू गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. काका दिवसभर फोन उघडतात, बंद करतात, रेंज बघायला बाहेर येतात, परत आत जातात. आम्हा सगळ्यांना कळतं, पण विचारत कुणी नाही.

गेल्या रविवारी दुपारी काका एकाच पायात चप्पल घालून माझ्या दारात आले. नितीनचा मेसेज आला होता, इंग्रजीतच. नवीन घर घेतलंय, थंडी फार आहे, तुमची आठवण येते. चुका मलासुद्धा दिसल्या, म्हणजे बघा.

"उत्तर तू लिही," फोन माझ्या हातात कोंबत काका म्हणाले. "माझ्या बोटांचा भरवसा नाय रे. चूक दिसली की थांबत नाहीत. परत गप्प झाला तर मी काय करू?"

मी कीबोर्ड उघडला. "काय लिहू?"

"जेवलास काय, विचार."

"इंग्रजीत?"

"नको, नको. मराठीत." काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "आणि पाठवून टाक. मला दाखवू नकोस."