चंद्रीचा कॅमेरा आणि एक नंबरचा मान

लोहाऱ्याजवळच्या माकणीत आमच्या गल्लीत वायफायचं चॅनल बदलता येणारा माणूस एकच आहे, आणि तो मी! ही फुशारकी नाही. पाच घरांनी हे मान्य केलेलं आहे. त्यातल्या तीन घरांनी तर आधी कडाडून भांडून मग मान्य केलेलं आहे, म्हणजे ते पक्कं समजावं.

मी हायस्कुलात कारकून आहे. शाळेचं वेळापत्रक मी बनवतो. अकरा वर्ग, नऊ शिक्षक आणि गणिताला एकच सर. ते एका तासाला दोन वर्गांत दिसले नाहीत, याचं सगळं श्रेय माझं. तेव्हा वायफाय काय चीज आहे, असं मला वाटत होतं. त्या रविवारी सकाळी सात वाजता वाटत होतं. दुपारी एक वाजता वाटत नव्हतं.

मुळात कॅमेरा घरात आला तो चोरांसाठी नव्हे, म्हशीसाठी. आमचे अप्पा, माणिकप्पा, गोठ्याच्या उंबऱ्यावर घसरले आणि खुबा मोडून बसले. सोलापुरात ऑपरेशन झालं. माझी बहीण शिवरंजनी तिथंच राहते, तिच्या घरी अप्पांना ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं, "सहा आठवडे प्रवास नाही. एसटीत तर बसायचंच नाही. सांधा निखळला तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल."

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टर दाराबाहेर जाताच विचारलं, "लोहारा गाडी किती वाजता हाय?"

कारण चंद्री! अप्पांची म्हैस. तिला शेवटचा महिना लागला होता आणि तिचं एकही बाळंतपण अप्पांशिवाय झालेलं नव्हतं. शिवरंजनीचा फोन आला. "दादा, कायबी कर, पण अप्पांना म्हैस दाखव. न्हायतर हे खुब्यासकट पळून येत्यात!"

मी गोठ्यात कॅमेरा लावला. अप्पांना मोबाईलवर चंद्री दिसू लागली. अप्पा खूश, शिवरंजनी खूश, डॉक्टर खूश. हे सुख तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी चित्र अडकायला लागलं.

अडकलेलं चित्र म्हणजे काय, हे अप्पांना समजावणं अशक्य होतं. त्यांना एवढंच दिसलं की चंद्रीचा जबडा डावीकडं गेलाय आणि वीस मिनिटं तिकडंच आहे. त्यांनी मला फोन केलाच नाही. थेट लोहाऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना केला! डॉक्टर धावत आले. चंद्री निवांत रवंथ करत होती. तिनं डॉक्टरांकडं असं पाहिलं, जणू तेच काहीतरी विसरून आलेत. श्रीदेवीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना उप्पीट दिलं आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले! त्या दिवशी चंद्रीचा एक डोळा मिटलेला अडकला होता.

"आता तिसऱ्यांदा डॉक्टर आले तर उप्पीट तुमी करायचं," श्रीदेवी म्हणाली.

म्हणून रविवारी सकाळी मी कामाला लागलो. आजूबाजूची वायफाय दाखवणारं एक ॲप मोबाईलवर घेतलं. त्यात प्रत्येक राउटरचा एक डोंगर दिसतो. आमच्या गल्लीत सहा राउटर, आणि सहाही डोंगर एकमेकांच्या डोक्यावर बसलेले! सगळे चॅनल सहावर! सगळ्यांना जोडणी देणारा लोहाऱ्याचा राजशेखर. त्यानं डबा भिंतीला ठोकला, दिवा लागला, तो गेला. एका चौकात सहा वरातींचे सहा बँजो एकदम वाजावेत, अशी हवेत परिस्थिती. त्यात गोठ्यातून येणारा आमच्या कॅमेऱ्याचा बारीक आवाज कोण ऐकणार?

"गणिताच्या सरांना सहा वर्गांत एकदम पाठवलंय," मी श्रीदेवीला सांगितलं. "आता बघ कसा वेगळा तास देतो!"

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. चॅनल एक ते तेरा. तेरावर कोणीच नाही. मोकळं मैदान! मी तेरा दाबलं. राउटरचे दिवे विझले, पुन्हा लागले. आणि कॅमेरा पार गायब झाला.

काही कॅमेऱ्यांना अकराच्या पुढचं दिसतच नाही, हे कॅमेऱ्याच्या खोक्यावर फार बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते नंतर वाचलं. त्याआधी अप्पांचा फोन आला.

"शिवप्रसाद, गोठा पडला का रे?"

"नाही अप्पा! मी दुरुस्ती करतोय!"

"मग समदं काळं कशानं झालंय? चंद्री कुठं हाय? खरं बोल, मी काळीज घट्ट केलंय."

मी घाईनं अकरा दाबलं. दीड मिनिट अप्पा फोनवर जोरजोरात श्वास घेत होते. मग म्हणाले, "आली!" पाठोपाठ म्हणाले, "कानावरचं गोचीड बी दिसालंय!"

असं चित्र मी शाळेच्या टीव्हीवरही पाहिलेलं नव्हतं. मी कॉलर ताठ करून चहा प्यायलो. सव्वाआठला गोष्ट संपायला हवी होती. पण श्रीदेवी नळावर गेली.

नळावर ती एवढंच म्हणाली, "आमच्या ह्यांनी अकरा नंबर लावला, लई झकास चालालंय."

साडेअकराला राजशेखरची मोटारसायकल गल्लीत शिरली. पाच घरांनी त्याला फोन करून बोलावलं होतं. त्यानं पाचही घरांत जाऊन नंबर बदलून दिला आणि जाताना माझ्याकडं बघून हात हलवला.

"काय केलंस रे?" मी विचारलं.

"काय न्हाय सर. सगळ्यांनी अकरा मागितला, मी सगळ्यांना अकरा दिला."

मी ॲप उघडलं. सहा डोंगर पुन्हा एकमेकांच्या डोक्यावर. फक्त आता सहावर नव्हते, अकरावर होते!

एक वाजून दहा मिनिटांनी शिवरंजनीचा फोन आला. मागं अप्पांचा आवाज घुमत होता. चित्र पुन्हा अडकलं होतं, आणि या वेळी चंद्रीनं माशी हाकायला शेपूट वर केलं होतं, तेव्हाच अडकलं होतं. शेपूट वर, ते वरच! शेवटचा महिना लागलेल्या म्हशीचं शेपूट पाऊण तास वर दिसल्यावर कुठला म्हसवाला घरात बसेल?

"दादा, अप्पा म्हनालेत, चंद्री व्यायला लागली आन् तिथं कुनीच न्हाय! पिशवी भरली त्यांनी. अडीचची गाडी धरनार म्हनत्यात!"

"अप्पांना दे फोन!"

"घेत न्हाईत. म्हनतात, तू सकाळपास्नं खोटं बोलालास."

मी गोठ्यात धावलो. चंद्री शेपूट खाली सोडून शांत उभी होती. मी तिचा फोटो काढून पाठवला. अप्पांचा निरोप आला, हा जुना फोटो आहे. एक तास वीस मिनिटं उरली होती, आणि सोलापुरात एक नवा खुबा एसटीच्या दिशेनं निघायच्या बेतात होता.

मी गल्लीतल्या पाचही घरांना इरम्माच्या ओट्यावर गोळा केलं आणि वेळापत्रक मांडलं. एकमेकांत न घुसणारी चॅनल तीनच: एक, सहा आणि अकरा. सहा घरं, म्हणजे दोन-दोन घरांना एकेक. पोस्टमन आणि बालाजी मास्तर यांनी लगेच सहा घेतला. त्यांना गावच्या जत्रेत कसलाच मान नाही, त्यामुळं ते कायम सुखी असतात. मी अकरावर राहणार होतो. प्रश्न उरलेल्या तीन घरांचा होता.

"एक नंबर आमचा," बसप्पा म्हणाले. ते किराणा दुकानदार आणि आमच्या महादेवाच्या पालखीचा पहिला खांदा त्यांच्या घराण्याचा. "पहिला खांदा असताना दुसरं काय घेऊ?"

त्यांचे शेजारी शरणबसप्पा उठलेच. "खांदा कवा लागतो? नारळ फुटल्यावर! पहिला नारळ कुनाचा? एक नंबर आमचा!"

ओट्याच्या मालकीण इरम्मा सत्तरीच्या पुढं. त्यांनी पान तोंडातून बाजूला सारलं. "आन् नारळ कवा फुटतो रे, शरणू? आरती झाल्यावर. पहिली आरती कुनाची? अय्यय्यो, लहानपनी माझ्याच ताटातलं खोबरं खायचास, इसरलास का?"

झालं! दरवर्षी याच तीन मानांपायी पालखी देवळाच्या दारात खोळंबते. गेल्या जत्रेत एक तास चाळीस मिनिटं खोळंबली होती. मी घड्याळ लावलेलं होतं. आज माझ्याकडं तेवढाही वेळ नव्हता.

"अहो, एक नंबर म्हणजे पहिला नंबर नव्हे!" मी म्हणालो. "नुसतं खोलीचं नाव आहे. आमच्या शाळेत खोली नंबर एकमध्ये काय आहे? मोडकी बाकं!"

"म्हंजी आमाला मोडक्या बाकावर बसवालास व्हय?" बसप्पा कडाडले.

"मग तुम्ही आणि शरणबसप्पा, दोघं घ्या एक!" भिंतीला भिंत लागून असलेल्या दोघांना एकच चॅनल देणं चुकीचं होतं, पण मी घायकुतीला आलो होतो.

"मान कुनी भागीत घेतलाय का?" दोघं एकदम म्हणाले. त्या दिवशीचं ते त्यांचं एकमेव एकमत.

तेवढ्यात फोन वाजला. शिवरंजनी रडकुंडीला आली होती. "दादा, अप्पा दारातल्या रिक्षात बसले! मी त्यांची एक चप्पल लपवली, तर दुसऱ्या पायात माझी गुलाबी सपाता घातली!"

फोनचा आवाज मोठा होता. ओट्यावर सगळ्यांनी ऐकलं. इरम्मा हळूच म्हणाल्या, "माणिकप्पा यायला लागला व्हय? मोडलेल्या खुब्यानं?"

"तुमच्या मानापायी!" श्रीदेवी इरम्मांच्याच दारातून म्हणाली.

बसप्पांचा चेहरा उतरला. पण मान सोडायचा म्हणजे आजोबा-पणजोबांना तोंड काय दाखवायचं? मला ते समजत होतं. आणि मोबाईलकडं बघता बघता मला उपाय दिसला.

"बसप्पाकाका, चॅनलचा नंबर डब्याच्या पोटात असतो. तो कोणाला दिसतो? माणसाला दिसतं ते नाव! मी तुमच्या वायफायला नाव देतो, 'पहिला खांदा'. गल्लीत ज्याच्या हातात मोबाईल, त्याला ते वाचावं लागेल. शरणबसप्पाकाका, तुमचं 'पहिला नारळ'. अक्का, तुमचं 'पहिली आरती'. चालेल?"

तिघं विचारात पडले. शरणबसप्पांनी मुद्द्याचं विचारलं, "पन यादीत सगळ्यात वर कुनाचं?"

"तुमच्याच घरात बघा!" मी म्हणालो आणि पळालो.

एक वाजून बत्तीस ते दोन वाजून चार. बत्तीस मिनिटांत मी पाचही घरांचे डबे उघडले, तिघांची नावं बदलली आणि चॅनल वाटली. बसप्पांना सहा, शरणबसप्पांना एक, इरम्माला माझ्यापासून सर्वांत लांब म्हणून अकरा. पोस्टमनला ठरल्याप्रमाणे सहा, पण बालाजी मास्तरांना उचलून एकवर नेलं. त्यांनी का, असंही विचारलं नाही. असा मास्तर आमच्या शाळेत असता तर!

मोबाईल वायफायची यादी दाखवताना सर्वांत जवळचा डबा वर दाखवतो. बसप्पांनी आपल्या ओसरीत मोबाईल उघडला. वर 'पहिला खांदा'! मिशीवरून हात फिरला. मग संशय येऊन ते शरणबसप्पांच्या उंबऱ्यापर्यंत गेले.

"इथं ह्याचं नाव वर हाय!"

"त्यांच्या घरात ते पहिले, तुमच्या घरात तुम्ही."

"आन् मधी, रस्त्यावर?"

"रस्त्यावर मोबाईल बघत उभं राहू नये, काका. गाड्या येतात."

हे त्यांना पटलं. तिन्ही घरांत तिन्ही मान पहिले! इतक्या वर्षांत देवळाच्या दारात जे जमलं नव्हतं, ते बत्तीस मिनिटांत गल्लीत जमलं.

ॲपवर डोंगर सुटे झाले होते. मी शिवरंजनीला फोन लावला. "अप्पांना मोबाईल बघायला सांग!"

तिनं आडवं उभं राहून रिक्षा अर्धा तास दारातच अडवली होती, आता ती सुरू झाल्याचा आवाज येत होता. मग अप्पांची आरोळी आली. "खाली आलं! शेपूट खाली आलं! रवंथ करालीय!" आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "बंद कर रे गाडी. मला उतरव. हळू! ऑपरेशन झालंय माझं, कळत न्हाय का?"

ओट्यावर टाळ्या पडल्या. इरम्मांनी मला पान दिलं. बुधवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी चंद्री व्याली, मादी रेडकू, म्हणजे वगार झाली, आणि पहिल्या कळेपासून शेवटपर्यंत चित्र एकदाही अडकलं नाही. कॅमेऱ्यातून बोलताही येतं, हे अप्पांना त्याच दिवशी कळलं. त्यांनी सोलापुरातून सगळं बाळंतपण चालवलं. खरवस गल्लीत पाचही घरी एकाच मिनिटाला पोचला. पाच वाट्या, पाच बायका, श्रीदेवीचं नियोजन.

सहा आठवडे संपले. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल घरी जा. मी अप्पांना आणायला सोलापूरला गेलो. अप्पा आरामखुर्चीत होते. पाठीला उशी, पुढं लोणच्याच्या बरणीला टेकवलेला मोबाईल, मोबाईलमध्ये आमचा गोठा.

"अप्पा, चला. गाडी बाहेर उभी आहे."

"कशाला?" अप्पा म्हणाले. "इथनं समदं दिसालंय की. तिथं येऊन काय करू, शेण काढू?"

"पण चंद्री? वगार?"

"त्यांचं झकास चाललंय. मी सकाळी पाचपास्नं बघालोय." त्यांनी पडद्याकडं नजर टाकली आणि दचकले. "तू हितं आलास, मग गोठ्यात कोन हाय? श्रीदेवी एकटीच वैरण ओढालीय! निघ बरं, बसू नकोस!"

मी निघालो. रिकाम्या मागच्या सीटकडं बघत नळदुर्गपर्यंत आलो, तेव्हा फोन वाजला.

"पोचलास की आधी कॅमेरा जरा डाव्या अंगाला वळव," अप्पा म्हणाले. "गव्हाणीचा कोपरा दिसंना झालाय. तिथं तू काय लपवालास, ते कळंना."

वळवला.