सात आठे चोपन्न

माझी मुलगी श्रावणी आज चौथीत टिकून आहे आणि संध्याकाळी वही घेऊन माझ्याशेजारी बसते, ती आबासाहेबांमुळे. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस लेकरांचं वाटोळं करतो. मलाही तसंच वाटलं होतं.

आबासाहेब आमच्या गल्लीतले. पंचाहत्तरी ओलांडलेली, इथल्या, मध्य प्रदेशातल्या देवासच्या जुन्या मराठी घराण्यातले, आता एकटेच. रोज पाच वाजता धुतलेला लेंगा-सदरा आणि काळी टोपी घालून ओट्यावर येतात, घसा साफ करतात आणि मोठ्यांदा काहीतरी धडधडीत खोटं बोलतात.

"नर्मदा आपल्या देवीच्या टेकरीतनं उगम पावते."

नाहीतर, "वटवाघूळ अंडी घालतं. दोन."

की गल्लीतली पोरं क्रिकेट टाकून धावत येतात. "नहीं आबासाब! झूठ!" आबासाहेब तोंडावरची रेष न हलवता विचारतात, "कशावरून?" पोरं चिडतात, घरी पळतात, पुस्तक आणून त्यांच्या नाकापुढे धरतात. मग आबासाहेब उभे राहतात, टोपी काढतात आणि म्हणतात, "हरलो, सरकार. आपण जिंकलात." चौथी-पाचवीच्या पोरांना 'आपण'! मला मात्र ते 'अहो उमरगेकर' म्हणतात, कारण मी उमरग्याकडचा. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

मी सातवीत शाळा सोडली. भांडून नाही, नापास होऊन नाही. अपूर्णांक कळेनात, घरात विचारायला कोणी नव्हतं, एक दिवस गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. का गेला नाहीस, असं कोणी विचारलंही नाही. मग फिरत फिरत इथल्या कारखान्यात पॅकिंगला लागलो. गाव लांब राहिलं.

तर श्रावणीच्या मॅडमनी पालकांच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "घर पे इसको पढ़ने कौन बिठाता है?"

मी म्हणालो, "जी, वो खुद ही बैठ जाती है."

सगळे हसले. श्रावणी हसली नाही. त्या दिवसापासून ती मला काही विचारेनाशी झाली. मी वहीत डोकावलो की वही मिटायची. "राहू द्या पप्पा, तुम्हाला नाही येत." सरळ सांगितलं, रागानं नाही. पण शाळेतलं घरी बोलणं बंद झालं की पुढे काय होतं, ते मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात ती आबासाहेबांकडे जायला लागली. मी खूश झालो, म्हटलं जुनी माणसं, चार अक्षरं सांगतील. एकदा सुट्टीच्या दिवशी तिला बोलवायला गेलो, तर आतून आवाज आला, "सात आठे चोपन्न!"

आबासाहेबांचा आवाज.

टेकरी, वटवाघूळ ठीक आहे, पण पाढे? मी आत गेलो. "आबासाहेब, माफ करा, पण लेकराला चुकीचं कशाला शिकवता?"

"चुकीचं? मग किती, उमरगेकर?"

आणि मला येईना. माझी पोरगी माझ्याकडे बघत होती आणि मला सात आठे येईना. चोपन्न नाही एवढं पक्कं वाटत होतं, पण मग किती, ते नाही.

श्रावणीनंच सोडवलं. ती ओरडली, "आबा, आप फिर झूठ बोल रहे! थांबा, मी दाखवते." डब्यातले चिंचोके काढून ती जमिनीवर ओळी मांडायला लागली. सात-सातच्या आठ ओळी. मग मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण मोजा ना, नाहीतर हे मानणार नाहीत." मी गुडघ्यावर बसलो. बापलेकीनं मिळून मोजले. छप्पन्न.

आबासाहेबांनी टोपी काढली.

तरी माझा राग गेला नव्हता. बाहेर पडलो, मागोमाग आबासाहेबही ओट्यावर आले, तर दारात भाजीची गाडी उभी, आणि भाजीवाला आबासाहेबांच्या पायाशी वाकलेला. "माट्साब! आप यहाँ? पहचाना नी? मनावर गाँव वाला, आपका पढ़ाया!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भिया, गणित का ऐसा मास्टर पूरे मनावर में नी था. सपने में भी पहाड़े सुनते थे हम इनसे."

पोरांच्या स्वप्नातसुद्धा पाढे! गणिताचे मास्तर! सात आठे चोपन्न म्हणणारे!

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांना गाठलं. विचारलं, हे काय नाटक आहे?

"नाटकच आहे," ते म्हणाले. "आणि श्रावणीबाईंपुरतं उद्यापासून बंद. त्यांना आता तुम्ही बसवायचं."

"मला काही येत नाही हो."

"तेच म्हणतोय. मला न येण्याचं सोंग करावं लागतं, आणि पोरं हुशार, कधीतरी ओळखतात. तुम्हाला सोंगाची गरज नाही. अर्धा तास बसा. मोबाइल घरात ठेवा, तुम्ही ओट्यावर. आज काय झालं ते विचारा. सांगितलं की, कशावरून, म्हणा. चुकली तर गप्प राहा."

"गप्प?"

"सगळ्यात अवघड तेच आहे," ते म्हणाले. "मला चाळीस वर्षं जमलं नाही."

मग ते बोलले ते तुम्हाला सांगावं की नाही, विचार केला. सांगतो. त्यांचा मुलगा लहानपणी काही विचारायला आला, की प्रश्न संपायच्या आत आबासाहेबांचं उत्तर तयार. चुकला की लगेच दुरुस्ती. पुढे तो भोपाळला होस्टेलवर गेला. तिथून त्यानं पहिलं पत्र पाठवलं. जेवण आवडत नाही, करमत नाही, घरची आठवण येते, असं चार पानांचं. आबासाहेबांनी लाल शाईनं त्यातल्या सगळ्या चुका सुधारल्या आणि तेच पत्र त्याला परत पाठवलं.

"एक शब्दही वर लिहिला नाही," ते म्हणाले. "फक्त चुका."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? दुसरं पत्र आलं नाही. आता फोन येतो दिवाळीला. बरे आहात ना? बरा आहे. संपलं." टोपी सारखी करत म्हणाले, "जा, तुमची शिफ्ट चुकेल."

त्या संध्याकाळी मी श्रावणीजवळ बसलो. म्हटलं, "बाळा, मला अपूर्णांक कधी कळलेच नाहीत. तुला कळले का?" तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग आईकडून भाकरी मागून आणली आणि तिचे चार सारखे तुकडे केले. "ये देखो पप्पा, एक पाव. आता दोन पाव म्हणजे किती?"

मी म्हणालो, "अर्धी."

"कशावरून?" तिनं विचारलं.

सातवीत जे अडलं होतं, ते मला चौथीच्या पोरीनं भाकरीवर सांगितलं. ती आता रोज सांगते. मध्येच चुकते, मी ओठ दाबून बसतो, आणि तिचं तीच दुरुस्त करते. मॅडमनी परवा वहीवर 'बढ़िया' लिहिलं. श्रावणीनं वही आधी मला दाखवली.

आबासाहेबांनी मध्यंतरी मुलाचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये घालायला सांगितला. "मला काही झालं तर कळवायला." मी घातला. दोनदा लावलाही, आणि पहिली रिंग वाजायच्या आत कापला. एवढा शिकलेला माणूस, मी काय बोलणार? पण काही होईपर्यंत मी थांबणार नाही, हे इथं लिहून देतो. आबासाहेबांचं माझ्यावर जे ऋण आहे ते असंच फिटेल. एक दिवस मी तो फोन लावीन, कापणार नाही, आणि म्हणेन, "साहेब, मी तुमच्या वडिलांच्या गल्लीतला. त्यांना काहीतरी विचारा हो. काहीही. ते आता पूर्ण ऐकून घेतात."