व्हॉल्व्ह उघडण्याचा आदेश

आमच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. कॉलनीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह आहे. तो वेळेवर उघडला तर पाणी आमच्याकडं वळतं, नाहीतर मुकाट्यानं पुढच्या कॉलनीत जातं. पूर्वी ही व्यवस्था फकिरा नावाचा माणूस एका लोखंडी चावीनं चालवीत असे. सायकलवरून यायचा, "पाणी आलं होऽ" म्हणून ओरडायचा, चावी फिरवायचा. इतकं सोपं काम आमच्या सोसायटीच्या प्रतिष्ठेला शोभत नव्हतं.

म्हणून सेक्रेटरी विश्वजीतरावांनी व्हॉल्व्ह उघडायला सर्व्हर बसवला. सर्व्हरला वातानुकूलित खोली आणि हार मिळाला, फकिराला शाल-नारळ. त्याची चावी त्याच खोलीत 'आमचा वारसा' अशा पाटीखाली काचेच्या पेटीत कुलूपबंद झाली.

पाण्याच्या दिवशी शेजारच्या भामाबाई रिकामी घागर घेऊन सर्व्हरच्या खोलीत येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचं बारसं होतं. देवगाव रंगारीहून लेकीच्या सासरची माणसं यायची होती आणि घरात थेंब नव्हता. सर्व्हर बसवणाऱ्या ऋतुराजनं काहीतरी टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं, आदेश सापडला नाही.

"कोरा सर्व्हर आहे ना, मावशी," तो म्हणाला. "त्याच्यात मोजकेच आदेश असतात. हलका राहतो."

"मग राहिलेले घाल की."

"ते इंटरनेटवरून आणावे लागतात."

"आण."

"इंटरनेट जोडायचा आदेशच नाय त्याच्यात."

"मंग तो आण आधी!"

"त्यालाच तर इंटरनेट लागतं."

भामाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी सरकारी कचेरीत जन्म घालवलेली बाई. दाखला मिळण्यासाठी तोच दाखला जोडायला सांगणारे साहेब मी पाहिलेत. पण ते निदान चहा विचारायचे.

ऋतुराजनं पेनड्राइव्ह लावला. तो उघडायला प्रमुखाचा अधिकार लागतो, असं निघालं. "प्रमुख मीच!" म्हणत विश्वजीतराव खुर्चीत बसले आणि त्यांनी आपलं नाव हुद्द्यासकट टाइप केलं. तेही सर्व्हरला सापडलं नाही.

बाहेर पाइपात घरघर सुरू झाली. भामाबाई ताडकन उठल्या. "काढा ती चावी! म्या फिरवते."

विश्वजीतराव पेटीसमोर आडवे आले. "हातानं व्हॉल्व्ह उघडायचा नाही, असा ठराव झालाय. ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांनी अंगठा दिलाय. हा बघा, तुमचापण आहे."

"अगं बाई! मला वाटलं, कुनाचा वाढदिवस हाय."

"मग करा ठराव रद्द," मी म्हणाले.

"करतो की. ग्रुपवर टाकतो. निम्मे अंगठे आले की उघडली पेटी."

त्यांनी टाकला. पण एरवी जेवतानाही मोबाइल न सोडणारी सगळी कॉलनी त्या वेळी मोबाइल घरात ठेवून नळाखाली बादली धरून उभी होती. खोलीतल्या आम्हा चौघांचे सोडले, तर एकही अंगठा आला नाही. घरघर हळूहळू थांबली. पुढच्या कॉलनीत बादल्या वाजू लागल्या. भामाबाईंनी रिकामी घागर कमरेवर घेतली आणि घरी लेकीला फोन लावला. "सासूबाईंना सांग, बारसं पुढं ढकललं. कारण इचारू नको."

संध्याकाळी ग्रुपवर 'सर्व्हर यशस्वीरीत्या कार्यान्वित' असा मजकूर आला. खरकटी भांडी तशीच ठेवून लोकांनी त्यालाही भराभर अंगठे दिले.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पण कागदावर अंगठा उठवायच्या आधी ती तो कागद दोघा-तिघांकडून वाचून घ्यायची. आपण सगळे शिकलेले. तुमच्याही ग्रुपवर आज काहीतरी आलं असेल. वाचलंत, की देऊन मोकळे झालात?