दत्तारामाने मोजलेला स्वतःचा घेर

आंब्याच्या कलमाला मोहोरासाठी मुळाशी औषध किती घालायचं, हे दत्तारामाला विचारल्याशिवाय मसुऱ्यात कुणी बाटलीचं बूच उघडत नाही! दत्ताराम टेप घेऊन येतो, झाडाच्या विस्ताराचा घेर मोजतो, डोळे मिटतो आणि आकडा सांगतो. तीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, असं तो सांगतो. म्हणजे तोच सांगतो.

असा हा जाणता माणूस मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर चक्क झोपला! मालवणचे सत्यवानराव संचिताला बघायला आले होते. ते आपल्या होडीच्या इंजिनाबद्दल मोठ्या हौसेने सांगत होते आणि इकडे दत्तारामाचं तोंड उघडं! घोरणं इंजिनापेक्षा मोठं. संचिताला त्यांचा मुलगा विनीत मनापासून आवडला होता. ती आत जाऊन रडली. सत्यवानराव जाताना एवढंच म्हणाले, "तीन आठवड्यांनी परत येतंव. तवसर विचार करतंव."

दुसऱ्याच दिवशी सावित्रीने नवऱ्याला मालवणात डॉक्टर नम्रतांकडे नेलं. रक्त तपासलं. थायरॉईड मंदावलेलं! म्हणून ती झोप, ती सूज, आषाढ नसताना अंगावर घोंगडी.

"पंचवीसची एक गोळी, सकाळी उपाशीपोटी," डॉक्टर म्हणाल्या. "अर्धा तास चहा नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू, मग डोस ठरवू."

"सहा आठवडे?" घरी येताच दत्ताराम भडकला. "पावणे तीन आठवड्यांत येतले! आणि पंचवीस? इतक्यां तर रोपाक घालतत! सावित्री, टेप हाड गो!"

"कित्याक?"

"धर हयसर."

सावित्रीने टेपचं टोक बेंबीवर धरलं. दत्तारामाने दुसरं टोक पोटाला वळसा घालून आणलं, आकडा वाचला, डोळे मिटले. "चार गोळये!"

"अहो, डॉक्टरीण एक म्हणाली!"

"डॉक्टरणीन माझो घेर मोजल्यान काय?"

पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. दत्ताराम पाचव्या गोळीचा विचार करू लागला. आणि मग औषध लागू पडलं! पहाटे चारला उठून त्याने अख्खी बाग झाडली. मग शेजारच्या जितेंद्राची झाडली. छातीत धडधड, अंगाला घाम, हात कापतायत, पण गडी खूश! "बघलंस मां? मोहोर इलो!"

सत्यवानराव बायकोला आणि विनीतला घेऊन आले त्या दिवशी तर तो फाटकातच उभा होता. सत्यवानरावांची चप्पल निघायच्या आत त्याने पाऊस, खत, काजूचा भाव आणि स्वतःच्या आजोबांचं सगळं चरित्र उरकलं. चहाचा ट्रेही संचिताच्या हातून स्वतःच घेतला. कप बशीवर असे वाजू लागले की देवळात आरती सुरू झाली असं वाटावं! आणि उकळता चहा थेट सत्यवानरावांच्या मांडीवर!

"आयशप्पत!" सत्यवानराव उडालेच. मग धोतर झटकत बायकोच्या कानाशी लागले, पण होडीवरच्या माणसाची कुजबुज ती केवढी? सगळ्यांनी ऐकली. "सकाळीच घेतल्यान हेनी! हात बघ!"

संचिताच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दत्तारामाला ते दिसलं.

"देवाशप्पत सांगतंय, मी थेंबसुद्धा घेणंय नाय!" तो ओरडला. "मी फक्त गोळये घेतंय!"

"गोळये?" सत्यवानराव उठलेच. "सुशीला, चल!"

सुशीलाबाई मात्र उठल्या नाहीत. "कसले गोळये? दाखवा बघूया."

सावित्रीने धावत जाऊन बाटली आणली. सुशीलाबाईंनी ती बघितली आणि आपल्या पर्समधून तस्सीच बाटली काढली! "धा वर्सां घेतंय. तुमी किती घेतास?"

"चार," दत्ताराम पुटपुटला.

"डोस कोणी ठरवलो?"

आता सांगणं भाग होतं. टेप, बेंबी, घेर, सगळं बाहेर आलं. विनीत हसू दाबायला खिडकीबाहेर बघू लागला.

"कलमाक चौपट औषध घातलां तर काय होतां?" सुशीलाबाईंनी शांतपणे विचारलं.

दत्तारामाने तीस वर्षांत पहिल्यांदा मान खाली घातली. "सुकतां."

"मगे?"

मगे काय! सुशीलाबाईंनी त्याची नाडी बघितली, गाडी काढायला लावली आणि सगळी वरात डॉक्टर नम्रतांच्या दारात. छातीची पट्टी काढली, डॉक्टरांनी यथेच्छ झापलं, काही दिवस गोळी बंद, मग पुन्हा एकच. नीट सहा आठवड्यांनी रक्त तपासून पन्नासची एक गोळी ठरली. आणि सोयरीकही ठरली, तुळशीचं लग्न झाल्यावरचा मुहूर्त! जो माणूस मुलीसाठी चार गोळ्या गिळतो तो वेडा असेल पण वाईट नसेल, असं सुशीलाबाईंचं म्हणणं पडलं.

हल्ली रोज सकाळी सहाला मालवणहून फोन येतो. "घेतलास? एकच मां? चायेक अजून अर्धो तास आसा." दत्ताराम समोरच्या कपात निवत चाललेल्या चहाकडे बघत "होय" म्हणतो.

परवा जितेंद्र आला. "दत्तारामानू, कलमांक औषध घालूचां आसा. टेप घेवन येतास मां?"

दत्तारामाने सवयीने डोळे मिटले. मग उघडले आणि खिशातून मोबाईल काढला.

"वायच थांब रे. विहीणबाईंक विचारतंय."