कृपया तसदी घेऊ नये

“रविवारी दुपारी तीनला मी घरी. जेवायला घरीच,” अंकितने जाहीर केलं आणि सायकलचं पुढचं चाक एका बोटाने असं गरकन फिरवलं, जणू दीडशे किलोमीटर तिथल्या तिथेच उरकले.

मंचरच्या पेठेत धरमचंदशेठचं कापडाचं दुकान आहे. अंकित हा त्यांचा एकुलता एक मुलगा, वय बत्तीस. दोन वर्षांपूर्वी पोट सुटायला लागलं म्हणून डॉक्टर म्हणाले, जरा सायकल चालवा. हा पठ्ठ्या सायकलच्या असा काही नादी लागला की डॉक्टरांनाच काळजी वाटू लागली. आता रविवारी मोठी सायकलफेरी होती. मंचरहून घोडेगाव, डिंभे, तिथून मागे येऊन जुन्नर, पुढे थेट घाटघर आणि परत नारायणगाववरून मंचर. मुदत बारा तासांची. सकाळी सहाला सुटायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत हायवेच्या कडेच्या मांडवात येऊन कार्डावर शेवटचा शिक्का घ्यायचा. घाटघरच्या वाटेला असे चढ आहेत की मोटारसायकलसुद्धा कुंथत जाते.

अंकितने तयारी मात्र कसून केली होती, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. चार महिने पहाटे उठला. वजन नको म्हणून सायकलचं स्टँड काढलं, घंटी काढली. घंटी काढून नव्वद ग्रॅम वाचले, या आनंदात चार पेढे खाल्ले.

“आले नव्वद ग्रॅम परत,” त्याची बायको रीना म्हणाली.

खरी गोम घरातच होती. अंकितच्या आई कस्तुरबाई. घरात सगळे त्यांना बाई म्हणत. जैन घर, त्यात बाईंचा चौविहार कडक. सूर्य मावळला की अन्न तर सोडाच, पाण्याचा थेंबही तोंडात नाही, तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या बाई पोराच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, “तू घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.”

“अहो बाई, तीनला येतो म्हटलं ना. सूर्यास्त सहा वाजून दोन मिनिटांनी आहे. तोवर तुमची दोन जेवणं होतील.”

आता तीनला घरी येणाऱ्या माणसाने गुपचूप जावं आणि यावं. पण अंकितला ते जमणारं नव्हतं. दुकानाच्या गिऱ्हाइकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर त्याने नारिंगी गॉगल आणि हेल्मेट घातलेला स्वतःचा फोटो टाकला, कुठल्या गावी किती वाजता पोचणार ते लिहिलं आणि खाली एक ओळ घातली : ‘कृपया कोणीही सत्काराची वा चहापाण्याची तसदी घेऊ नये.’

आपल्याकडे पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं की लोक काय करतात, हे कापडाच्या दुकानदाराच्या पोराला ठाऊक असायला हवं होतं. पण ती ओळ लिहिताना त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात हळूच गुदगुल्या झाल्या होत्या, हेही खरं.

शनिवारी रात्री धरमचंदशेठ म्हणाले, “या आठवड्यात पाच शाली गेल्या. लग्नाची तिथ तर एकही नाही. कुणाचा सत्कार आहे कोण जाणे.”

रविवारी सहाला चाळीस सायकली सुटल्या. अंकितच्या जोडीला सुदर्शन होता. हा अवसरी खुर्दचा शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कामाला. बोलणं मोजकं, पाय दणकट. त्याच्या सायकलला स्टँडही होतं आणि घंटीही.

घोडेगावला पोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. चौकात टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर शाल आणि नारळ. दुकानाचे जुने गिऱ्हाईक असलेले एक निवृत्त गुरुजी पुढे आले.

“गुरुजी, मी लिहिलं होतं ना, तसदी घेऊ नये.”

“तुमी मोठ्या मनानं लिवलं. आमी काय म्हनून गप बसायचं?”

शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला. शिऱ्याची बशीही आली. “तुमचं कांदा-लसूण चालत न्हाई, ठावं हाय आमाला. म्हणून पोहं केलंच न्हाई.” अंकितला शिरा जिवापाड आवडायचा. त्याने बशी पुसून खाल्ली. नारळ काही नाकारता येत नाही, तो जर्सीच्या पाठीमागच्या खिशात घातला. नव्वद ग्रॅम वाचवलेल्या सायकलवर अर्धा किलो चढला.

“एकच हाय तवर बरं हाय,” सुदर्शन म्हणाला.

डिंभ्याला धरणाच्या अलीकडे कर्णा वाजत होता. रखमाजी नावाचे गृहस्थ तिथे वाट बघत उभे होते. त्यांच्या तिन्ही मुलींच्या लग्नाचा बस्ता धरमचंदशेठकडून गेलेला. त्यांनी अंकितला खुर्चीत बसवलं आणि तसंच बसवून ठेवलं.

“रखमाजी, मला निघायला पाहिजे.”

“सरपंच यायचं हाईत. तेंच्या हातनं शाल द्यायचीय.”

“कधी येतील?”

“येष्टीनं येत्यात.”

“मग एसटी कधी येते?”

रखमाजींनी रस्त्याकडे पाहिलं. “ते येष्टीलाच ठावं.”

पाऊण तासाने एसटी आली. सरपंच उतरले. शाल, नारळ, शिरा. वर रखमाजी म्हणाले, “शेठ, पोरान्ला दोन शब्द सांगा.” इथे मात्र दोष गावकऱ्यांचा नाही. अंकितने माईक हातात घेतला आणि दोन शब्दांना पंचवीस मिनिटं लावली. गुडघा, गिअर, श्वास, जिद्द, काही सोडलं नाही. सुदर्शन धरणाच्या कठड्यावर बसून चिक्की खात होता. टाळ्या थांबल्यावर तो एवढंच म्हणाला, “शेठ, तुझी आय जेवायची थांबलीय.”

अंकितने रीनाला फोन लावला. “बाई जेवल्या?”

“नाही.”

“त्यांना सांग ना, जेवून घ्या म्हणावं.”

“मी सांगून ऐकतात होय?” रीना म्हणाली आणि फोन ठेवला.

जुन्नरला तिसरी शाल, तिसरा नारळ, तिसरा शिरा आणि पेठेतल्या सगळ्या ओळखीच्यांबरोबर फोटो. पुढे घाटघरच्या वाटेवर आपटाळ्याला चौथा संच. आता मागच्या तीन खिशांत तीन नारळ होते आणि चौथा पुढे छातीशी, जर्सीच्या चेनच्या आत. चार शाली हँडलला गुंडाळलेल्या. समोरून शेळ्यांचा कळप आला तेव्हा घंटी नसल्यामुळे अंकितला तोंडाने “ट्रिंग ट्रिंग” करावं लागलं. शेळ्यांनी ऐकलं नाही. सुदर्शनने मागून खरी घंटी वाजवली तेव्हा वाट मिळाली.

पुढचा चढ सुरू झाला. पोटात चार बशा शिरा, अंगावर चार नारळ, माथ्यावर ऊन. दुसरा कुणी असता तर टेम्पोला हात केला असता. अंकितने केला नाही. वळणामागून वळण, तो दात आवळून पायडल मारत राहिला. दोनदा उतरून ढकलली, दोनदा पुन्हा चढला. कापडाच्या गादीवर वाढलेला हा माणूस त्या चढावर बघायला हवा होता. त्याच्याबद्दल एरवी काहीही म्हणा, त्या दिवशी त्याच्या पायात सह्याद्री होता.

तीनला तो घरी ताटावर असणार होता. तीनला तो घाटघरला पोचला आणि ठमाबाईंच्या अंगणात आडवा झाला.

ठमाबाई दर दिवाळीला मंचरला येऊन लुगडं नेत. सत्तरी ओलांडलेली. अंगणात टेबल नव्हतं, कर्णा नव्हता, शाल नव्हती. त्यांनी तांब्याभर पाणी पुढे ठेवलं आणि पुन्हा नाचणी पाखडायला बसल्या.

अंकितने इकडे तिकडे पाहिलं. “मावशी, मी येणार ते कळलं होतं ना?”

“व्हय की. आरोहीनं मोबाईलमधलं वाचून दावलं. तसदी घेऊ नका म्हून लिवलं व्हतं. मंग न्हाई घेतली.”

आरोही म्हणजे त्यांची नात. ती दारात उभी राहून हसत होती. अंकितला हायसं वाटलं आणि, खोटं कशाला बोलायचं, थोडं वाईटही वाटलं.

“आयनं काय केलंय जेवायला?” ठमाबाईंनी सहज विचारलं.

अंकितने सगळं सांगितलं. सूर्यास्त, चौविहार, तीनचा वायदा. ठमाबाईंचं सूप थांबलं.

“आय तिकडं उपाशी, अन् तू हितं लोळतोयस? ऊठ. अन् हे छातीला काय बांधलंयस?”

“नारळ आहेत, मावशी. सत्काराचे. टाकता येत नाहीत.”

“टाकू नको. दे हिकडं. उद्या देवापुढं फोडते चारी. तुझ्या आयच्या नावानं.”

एवढी साधी गोष्ट सत्तर किलोमीटर कुणाला सुचली नव्हती. अंकितने नारळ दिले आणि एक शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली. डिसेंबरात घाटघरची थंडी काही साधीसुधी नसते. “तसदी कशापायी घेतली?” म्हणत ठमाबाईंनी शाल घट्ट लपेटून घेतली.

परतीला वारा तोंडावर होता. सुदर्शन पुढे झाला, वारा आपल्या अंगावर घेतला आणि अंकितला मागच्या चाकाशी ठेवून जुन्नरपर्यंत ओढत आणलं. साडेचार वाजून गेले होते. नारायणगाव ओलांडलं तेव्हा सव्वापाच. सूर्य डोंगराकडे कलला होता आणि अंकित घड्याळ बघायचं सोडून सूर्यच बघत होता.

कळंबला रस्त्याच्या कडेला हलगी कडाडली. तरुण मंडळाची वीस पोरं, हातात पाचवी शाल आणि मागे हा भला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर अंकित.

“संपलं,” अंकित म्हणाला. “अर्धा तास गेला. बाई उपाशी राहणार.” त्यात नाटक नव्हतं.

सुदर्शनने फ्लेक्सकडे पाहिलं. “फोटोत गॉगल अन् हेल्मेट सोडलं तर हाय काय तुझं? आण तो गॉगल.”

“अरे, पण तुझा शिक्का? सहाच्या आत पोचला नाहीस तर तुझी फेरी बाद होईल.”

“फेरी पुढच्या वर्साला परत हाय. जा तू.”

सुदर्शनने नारिंगी गॉगल डोळ्यांवर चढवला, छाती पुढे काढली आणि हलगीच्या तालावर सरळ पोरांच्या घोळक्यात शिरला. “मंडळी, कशाला तसदी घेतली?” हे वाक्य त्याने इतकं झकास टाकलं की खुद्द अंकितलाही तसं जमलं नव्हतं. आयुष्यात कधी चार माणसांसमोर न बोललेला तो माणूस दोस्तासाठी शाल घ्यायला उभा राहिला. मैत्री म्हणायची ती ही.

अंकित सुटला. शेवटचे नऊ किलोमीटर तो कसा आला ते त्यालाही सांगता येत नाही. मंचरचा मांडव दिसला तेव्हा सहाला चार मिनिटं कमी होती. शिक्क्याला पाच जणांची रांग होती. रांगेत उभं राहिलं तर शिक्का मिळत होता, पण घर हुकत होतं. टेबलावरच्या माणसाने हाक मारली, “कार्ड द्या, शेठ, मुदतीत आहात!” चार महिने ज्या शिक्क्याची स्वप्नं पाहिली, त्याच्या समोरून अंकित न थांबता पेठेच्या गल्लीत वळला.

दारात सायकल टाकली. स्टँड नव्हतं, ती आडवीच झाली. धापा टाकत तो आत शिरला. बाई पाटावर बसल्या होत्या.

“बाई, पाच मिनिटं आहेत. ताट घ्या. रीना, वाढ लवकर!”

“माझं ताट कुठलं?” बाई म्हणाल्या. “माझा आज उपास आहे.”

“उपास?”

“तू सकाळी सायकलवर बसलास तेव्हाच नेम घेतला. पोरगं घाटातून सुखरूप येऊ दे म्हणून. आता उद्या सकाळीच काय ते.”

अंकितने रीनाकडे पाहिलं. “मला सांगू दिलं नाही त्यांनी,” ती म्हणाली. “म्हणाल्या, त्याला कळलं तर अर्ध्यातून परत येईल.”

अंकित मटकन खाली बसला. चार गावांत आपण बशा चाटूनपुसून खाल्ल्या आणि ही बाई दिवसभर उपासाच्या उकळलेल्या पाण्यावर आपल्यासाठी बसली, या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आज सत्कार कुणाचा व्हायला हवा होता, ते त्याला आता कळलं. त्याने दारातल्या सायकलच्या हँडलची एक शाल सोडून आणली आणि बाईंच्या खांद्यावर घातली.

धरमचंदशेठने शालीची किनार बोटांत धरून पाहिली. “आपल्याच दुकानातली,” ते म्हणाले. “शिक्का मिळाला?”

“नाही.”

“असू दे.”

“आधी त्याला खाऊ द्या,” बाई म्हणाल्या. “दिवसभर रानावनात उपाशी फिरलंय पोरगं. दिवस मावळायला दोन मिनिटं आहेत. तुझ्या आवडीचं केलंय मी, दुपारी तीनपासून झाकून ठेवलंय.”

त्यांनी झाकण काढलं. आत डोंगराएवढा शिरा होता.

अंकितने मांडी घातली आणि मोठा घास घेतला.

“कसा झालाय?” बाईंनी विचारलं.

“बाई,” अंकित घास कसाबसा गिळत म्हणाला, “असा शिरा आज कुठेच मिळाला नाही.”