कवराकचं तेवढं एक वाक्य

ताश्कंदहून प्रबंध परत आला तो समासातल्या लाल शाईसकट. दोनशे पानांत परीक्षकांना खुपलेलं वाक्य एकच होतं: 'कवराकचा चीक चोळल्यास जुनी गुडघेदुखी समूळ जाते, हे सर्वमान्य आहे.' शेजारी लिहिलं होतं, 'विश्वासार्ह आधार दाखवा. नसेल तर तोंडी परीक्षेला येण्याची तसदी घेऊ नये.'

एशमुराद बोयसूनच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. कवराक म्हणजे ज्याच्या मुळातल्या चिकाचा हिंग होतो ते डोंगरातलं झाड. त्याच्यापायी एशमुरादनं उमेदीची वर्षं घालवली होती. मुळं मोजली, पानं वाळवली, बिया उकळल्या, सगळ्या घराला वास लावून घेतला. त्या कष्टांबद्दल परीक्षकांचा एक शब्दही नव्हता. जे एक वाक्य त्यानं काही न करता आयतं उचललं होतं, नेमकं तेच त्यांनी पकडलं होतं.

"मग दाखवून टाका की आधार," त्याची बायको नोरबिबी म्हणाली.

"दोमलांच्या ग्रंथात आहे. पण दोमलांना कुठून मिळाला, ते बघावं लागेल."

"बघाच. माझ्या आईनं तुमचं वाक्य वाचून सबंध हिवाळाभर तो चीक चोळलाय. गुडघा होता तसा आहे. शेजारणींनी तेवढं यायचं बंद केलंय."

खरी अडचण अंगणात बांधलेली होती. प्रबंध मंजूर होणारच असं गृहीत धरून एशमुरादच्या वडिलांनी सगळ्या मोहल्ल्याला पुलावाचं निमंत्रण देऊन टाकलं होतं आणि मेंढाही आणला होता. बोयसूनमध्ये दिलेलं निमंत्रण मागे घ्यायला घरात कुणीतरी मरावं लागतं. भूकंप झाला तर चालतं का, यावर जाणत्यांमध्ये मतभेद होते. मुलगा नापास झाला, हे कारण तर कुणी ऐकूनही घेतलं नसतं. आधार मिळाला नाही, तर वडिलांना मोहल्ल्यात मान वर करून चालता येणार नव्हतं.

एशमुराद आपल्या मार्गदर्शकांकडे गेला; त्यांना सगळे दोमला, म्हणजे गुरुजी, म्हणत. सैफिद्दीन दोमलांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ इतका जाड होता की त्यांच्या घरी त्यावर इस्त्री ठेवत. दोमलांनी आधी चहा दिला, मग रोटी मोडली, मग एशमुरादच्या घरातल्या प्रत्येकाची खुशाली विचारली. मेंढ्याचीसुद्धा.

"दोमला, ते गुडघ्याचं वाक्य मी तुमच्या ग्रंथातून घेतलंय. तुम्ही ते कशावरून लिहिलंत?"

"तू माझ्यावर संशय घेतोस?"

"मी कशाला घेईन? ताश्कंदवाले घेतायत."

"का, ताश्कंदवाल्यांना गुडघे नसतात?" दोमलांनी ग्रंथ ओढून पान काढलं. तळाशी बारीक अक्षरात जिल्ह्याच्या एका जुन्या वर्तमानपत्राचा उल्लेख होता. "हे बघ. छापील आहे. खोटं असतं तर कुणी एवढी शाई फुकट घालवली असती का?"

तो लेख जोराबोय-अकांनी लिहिला होता. ते आता निवृत्त झाले होते आणि चहाखान्यातल्या लाकडी बाजेवर दिवसभर बसून ज्या गोष्टी पूर्वी छापायचे त्या आता नुसत्या सांगायचे. एशमुरादला पाहून ते खूश झाले. आपला लेख इतक्या वर्षांनी कुणीतरी वाचला, हे त्यांनी आधी शेजारच्या बाजेवर ऐकवलं, मग पलीकडच्या.

"चांगला होता ना लेख?"

"फार चांगला होता, अका. पण त्यात तुम्ही लिहिलंय, 'जनतेचा शतकानुशतकांचा अनुभव सांगतो'. ही जनता म्हणजे कोण?"

"जनता म्हणजे जनता. तिला काय नावं विचारत बसायचं?"

"तरी एखादं तरी नाव."

जोराबोय-अकांनी डोळे मिटून आठवलं. "सोरा खाला. बाजारात जडीबुटी विकते ती."

"आणखी कोण?"

"आणखी कुणी नाही. त्या दिवशी बर्फ पडत होतं, बाकीचे विक्रेते आलेच नव्हते."

"मग ती शतकानुशतकं?"

"अरे, बाई तेव्हाही म्हातारीच होती," जोराबोय-अका शांतपणे म्हणाले आणि त्याच्या पेल्यात चहा ओतू लागले.

सोरा खालाचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. कवराकच्या वासामुळे बाकीच्यांनी मिळून तिला तिथं ढकललं होतं. पोत्यांच्या मधोमध ती पाय पसरून बसली होती. एशमुराद प्रश्न विचारू लागला तेव्हा तिनं आधी त्याला एक पुडी बांधून दिली, कारण विक्री झाल्याशिवाय ती कुणाशी बोलत नसे. पुडी त्याच्या हातात देताच तिनं दोन्ही तळवे आभाळाकडे केले.

"तुझे गुडघे कधी न दुखोत. नातवंडांच्या लग्नात नाच. ओमीन."

एशमुरादनंही सवयीनं तळवे उघडले आणि चेहऱ्यावरून फिरवले. हात हनुवटीवर आल्यावर तो थबकला.

"खाला, हे गुडघ्यांचं काय म्हणालात?"

"दुवा दिली. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, घाबरू नकोस."

"म्हणजे कवराकनं गुडघे बरे होतात?"

"मी कुठं तसं म्हटलं? लसूण घेणाऱ्यालाही मी हीच दुवा देते. माझे स्वतःचे गुडघे ठणकतात रे, म्हणून तोंडात दुसरं काही येतच नाही."

एशमुराद पोत्यावर टेकला. बर्फाच्या दिवशी एका पत्रकारानं पुडी घेतली, म्हातारीनं दुवा दिली, आणि पत्रकारानं दुवेतलं 'न दुखोत' पुसून लेखात 'दुखत नाहीत' लिहिलं. जगातली गुडघेदुखी इतक्या स्वस्तात कुणी घालवली नव्हती.

"बरं, मग लोक कवराक नेतात तरी कशाला?" त्यानं विचारलं.

"असं काय विचारतोस? गुडघ्यांना लावायला."

"अहो खाला, आत्ताच तुम्ही..."

"ते आधीचं. तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? दोमलांचा ग्रंथ आला तेव्हा कळलं." तिनं डोक्यावर बोट दाखवलं. छताच्या दांडीला, लसणीच्या माळांशेजारी, दोमलांच्या ग्रंथातलं ते पान प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेलं होतं. "एवढा शिकलेला माणूस. काहीतरी बघूनच लिहिलं असेल ना?"

"आणि तुमच्या गुडघ्यांना आला गुण?"

"दुकानाला आला," खाला म्हणाली.

एशमुराद पुडीसकट दोमलांकडे परतला. वाटेत टॅक्सीवाल्यानं कडाक्याच्या थंडीत चारही काचा खाली केल्या होत्या.

"दोमला, तुमचा आधार वर्तमानपत्र. वर्तमानपत्राचा आधार सोरा खाला. आणि सोरा खालाचा आधार तुम्ही."

दोमलांनी क्षणभर विचार केला. चेहरा मात्र जराही पडला नाही.

"म्हणजे तीन आधार झाले. एक मिळत नाही म्हणून रडत होतास."

"तीन कुठले? हे गोल आहे. फिरून जिथल्या तिथंच येतं."

"गोलाला सुरुवात कुठं असते, सांग बघू?"

"नसते."

"ज्याची सुरुवात सापडत नाही, त्याला आपण काय म्हणतो? प्राचीन म्हणतो." दोमलांनी पेला खाली ठेवला. "आणि नीट ऐक. ते वाक्य तू काढलंस तर लोक विचारतील की दोमलांच्या ग्रंथातलं वाक्य का काढलं. मग त्या ग्रंथातलं आणखी काय काय काढायचं, तेही विचारतील. वाक्य गेलं तर माझी सहीही गेली म्हणून समज."

सहीवाचून ताश्कंदला जाता येत नव्हतं आणि वाक्यासकट गेलं तर आत घेणार नव्हते. एशमुराद घरी येऊन मेंढ्यासमोर बसून राहिला.

"इतका कसला विचार करताय?" नोरबिबीनं विचारलं. "आईचा गुडघा बरा झाला नाही, हे तुम्हाला दिसतंय. मग खोटं का ठेवायचं? काढून टाका."

"दोमलांना कळलं तर?"

"कळायला वाचावं लागेल."

एशमुरादनं वाक्य काढलं. त्यामुळे दोनशे पानांतून एक ओळ कमी झाली आणि त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. नवी प्रत त्यानं दोमलांपुढे ठेवली. दोमलांनी ती हातात तोलून पाहिली, वजन पूर्वीइतकंच वाटल्यामुळे त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी सही केली.

ताश्कंदला मोठ्या मेजाभोवती परीक्षक मंडळ बसलं होतं. मध्यभागी अध्यक्ष वोसित ओदिलोविच होते. पदाला साजेसं पोट होतं. त्यांच्या उजव्या हाताला लाल शाईवाले परीक्षक होते, कृश आणि कडक इस्त्रीचे. एशमुरादनं मुळं सांगितली, पानं सांगितली, उकळलेल्या बियांचे निष्कर्ष सांगितले. मंडळानं अंजीर खात ऐकून घेतलं. लाल शाईवाल्यांनी पानं चाळली आणि ते म्हणाले, "आक्षेपार्ह विधान काढलेलं दिसतं. शास्त्राला शोभेल अशी शिस्त आहे. माझं समाधान झालं."

एशमुरादच्या डोळ्यांपुढे पुलावाची कढई उभी राहिली.

"माझं नाही झालं," वोसित ओदिलोविच म्हणाले. "तुम्ही बोयसूनचे ना?"

"हो, साहेब."

"मग दोनशे पानांत गुडघ्यांचा उल्लेख कसा नाही? कवराक गुडघ्यांना लावतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आमच्या घरी रोज लावतात. संशोधक म्हणवता आणि लोकांत काय चालतं याचा पत्ता नाही?"

एशमुरादनं लाल शाईवाल्यांकडे पाहिलं. ते पेनाचं टोपण न्याहाळत होते.

"साहेब, आधी लिहिलं होतं. पण त्याला आधार सापडला नाही."

"आधार?" अध्यक्षांनी अंजीर खाली ठेवलं. "मी सांगतोय ना?"

मग लाल शाईवाले घसा साफ करून म्हणाले, "वोसित ओदिलोविच स्वतः सांगताहेत म्हटल्यावर प्रश्नच मिटतो. इतका अधिकारी आधार उमेदवारानं आधीच का शोधला नाही, याचंच मला नवल वाटतं."

"साहेब, घरी ज्यांना लावतात," एशमुरादनं हळूच विचारलं, "त्यांना बरं वाटलं का?"

"तो घरगुती विषय आहे," अध्यक्ष म्हणाले. "वाक्य घाला, खाली माझं नाव घाला, प्रबंध मंजूर. नाही घातलं तर पुढच्या वर्षी या."

एशमुरादला पुढचं वर्ष दिसलं. त्यात वडील मागच्या गल्लीतून मशिदीत जात होते. लाल शाईवाल्यांनी अदबीनं आपलं पेन पुढे केलं. त्याच पेनानं एशमुरादनं ते वाक्य पुन्हा लिहिलं. 'सर्वमान्य' हा शब्दही त्यानं ठेवला, कारण आता तो खरा झाला होता.

पुलावाला सगळा मोहल्ला आला. वडील दारात छातीवर हात ठेवून प्रत्येकाला आत घेत होते आणि त्यांची मान इतकी वर होती की त्यांची टोपी दोनदा पडली. मानाच्या जागी सैफिद्दीन दोमला मांडीवर प्रबंध घेऊन बसले होते. त्यांनी फक्त गुडघ्यांचं पान उघडलं होतं.

"शाबास," ते म्हणाले. "माझ्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघतेय. तो वर्तमानपत्राचा दाखला मलाही पहिल्यापासून खटकायचा. फुसका होता. तो काढून तिथं आता तुझं नाव घालतो."

"दोमला, ते वाक्य मी..." एशमुरादनं तोंड उघडलं.

दोमलांनी थाळीतून मांसाच्या तुकड्यासकट मूठभर पुलाव उचलला, बोटांनी घट्ट दाबला आणि वडीलधाऱ्यानं मान द्यायचा म्हणून आपल्या हातानं त्याच्या उघड्या तोंडात भरला. असा घास नाकारायचा नसतो. घास मोठा होता. तो गिळून होईपर्यंत सगळ्यांनी दुवेसाठी तळवे वर केले होते.